पुनर्वसनोपचारातील सोबत : मर्दनकारापासून यंत्रमानवापर्यंत

नागपूर शहरातून नैर्ऋत्येस हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आहे. त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय १९९० साली सुरू झाले आणि त्याच परिसरात भौतिकोपचाराचे, म्हणजे सर्वसामान्य बोलीत ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्या विद्येचे, महाविद्यालयही आहे. थोडे पुढे वानाडोंगरीस १९८४ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय लागते आणि या साऱ्यांच्या मध्ये औद्योगिक वसाहतीचे कारखाने पसरलेले आहेत. ज्याचा हात यंत्रात सापडतो तो कामगार, त्या हातास पुन्हा चालविणारा उपचारक आणि नवे यंत्र घडविण्याची विद्या शिकणारा विद्यार्थी हे तिघेही अशा प्रकारे एकाच रस्त्यावर वावरतात. पुनर्वसनोपचारात यंत्रमानवाचा उपयोग हा विषय परदेशी नियतकालिकांपुरताच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा रस्ता एकदा नजरेखालून घालावा.

येथे ज्या यंत्रमानवाचा विचार करावयाचा आहे तो शस्त्रक्रिया करणारा नव्हे, किंवा रोग्याचा पाय उचलून त्यास चालविणाराही नव्हे. २००५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड फाइल-सायफर आणि माया मातारिच यांनी एका वेगळ्या वर्गाची व्याख्या केली. जे यंत्र रोग्यास स्पर्श न करता, केवळ संवादाने, हावभावाने आणि उपस्थितीने साहाय्य करते त्यास त्यांनी सामाजिक साहाय्यक यंत्रमानव असे नाव दिले. हे यंत्र समोर उभे राहते, आवर्तने मोजते, चूक दाखविते, उत्तेजन देते आणि उद्या पुन्हा येण्याची आठवण करते. या यंत्राचा इतिहास सांगणारे लेखक सामान्यतः तो यंत्रशास्त्राच्या इतिहासात घालतात. आमच्या मते ही वर्गवारी अपुरी आहे. या यंत्राचे खरे पूर्वज शोधावयाचे तर चाके आणि तरफा यांच्यापेक्षा व्यायामशाळेतील वस्तादाचा आवाज, शुश्रूषागृहातील परिचारिकेचा धाक आणि घरातील माणसांचा तगादा यांच्याकडे पाहावे लागते.

यंत्रशास्त्राची बाजूही अर्थात टाळता येत नाही, कारण तिच्यावाचून दुसरी बाजू उठून दिसत नाही. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची राजमान्य संस्था काढली. लिंगच्या पद्धतीत व्यायाम हा दोघांचा व्यवहार असे. रोगी हात उचली आणि शिक्षक त्यास आपल्या हाताने प्रतिकार करी. किंवा शिक्षक उचली आणि रोगी विरोध करी. एका रोग्यास एक शिक्षक लागत असल्याने ही पद्धत खर्चाची होती, आणि शिक्षकाचा प्रतिकार सकाळी किती व संध्याकाळी दमल्यावर किती याचे मापही नव्हते. गुस्ताव झांडर या डॉक्टराने नेमक्या या दोन दोषांवर बोट ठेवले. १८६५ साली त्याने स्टॉकहोममध्ये आपली संस्था उघडली आणि तेथे शिक्षकाच्या हाताच्या जागी तरफ व सरकते वजन बसविले. वजन एक खूण पुढे सरकविले की प्रतिकार तेवढाच वाढे, आज जेवढा तेवढाच उद्याही राही. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली आणि पुढे युरोप-अमेरिकेत त्यांचा मोठा प्रसार झाला.

झांडरने हात काढून घेतला हे सर्व इतिहासकार सांगतात. परंतु लिंगचा शिक्षक केवळ प्रतिकार करीत नव्हता. तो रोग्याच्या चेहऱ्याकडे पाही, बोले, चिडे, शाबासकी देई. हात यंत्रात गेला तेव्हा ही वाणीही नकळत बाहेर पडली, आणि ती बाहेर पडली याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. तरफेस माप होते, शाबासकीस नव्हते. ज्याचे माप नाही ते गमावल्याचे हिशेबात दिसत नाही, हा नियम वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अनेक ठिकाणी प्रत्ययास येतो.

आपल्याकडे हात आणि वाणी यांची अशी फारकत दीर्घकाळ झाली नव्हती. आखाड्यात मालिश करणारा, मोडलेले हाड बसविणारा हाडवैद्य आणि जोर-बैठकांची गणती करणारा वस्ताद हे पुष्कळदा एकच असत. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे जे दहा खंड प्रसिद्ध केले त्यांवरून देशी व्यायामविद्येचा पसारा ध्यानी येतो. या विद्येत गणतीस फार महत्त्व आहे. बैठका मारणारा स्वतः मोजतो तेव्हा चाळीसास थांबतो. वस्ताद मोजतो तेव्हा पन्नासाच्या पुढे जातो, हे तालमीत गेलेल्या कोणासही सांगावयास नको. श्रमास आवाजाची जोड देण्याची रीत तर आखाड्याबाहेरही सर्वत्र होती. जात्यावरच्या ओव्या व मोटेवरची गाणी यांचा विचार वाङ्मय म्हणून पुष्कळ झाला आहे. एकसुरी, दमविणारी हालचाल तासन्‌तास चालू ठेवण्याचे साधन म्हणूनही तो व्हावयास हवा.

आधुनिक अर्थाने पुनर्वसनोपचार महाराष्ट्रात आला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली क्वीन मेरी तांत्रिक शाळा सुरू झाली व ती पुढे खडकीस स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. लष्करी संस्थांमध्ये रोग्याने व्यायाम करावा की नाही हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण तेथे व्यायाम हा हुकूम होता. नागरी समाजात तो प्रश्न उद्भवला आणि तोही लहान मुलांच्या निमित्ताने.

मुंबईत पोलिओच्या साथींनी पंगू झालेल्या मुलांची संख्या वाढत होती तेव्हा त्यांच्यासाठी उपचारकेंद्र जवळजवळ नव्हतेच. फातेमा इस्माईल या बाईंच्या कन्येस पोलिओ झाला, आणि स्वतःच्या मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांनी इतर मुलांसाठीही केंद्र काढण्याचे ठरविले. डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने १९४७ साली हे काम सुरू झाले. अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली आणि पुढे हाजी अली येथे तिचे रुग्णालय उभे राहिले. फातेमा इस्माईल यांना १९५८ साली पद्मश्री मिळाली. त्या काळी पोलिओच्या उपचारात एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेच्या पद्धतीचा जगभर बोलबाला होता. केनी हिने रोग्यास फळ्यांमध्ये जखडून ठेवण्यास विरोध केला. गरम ओल्या घड्यांनी स्नायू सैल करावा आणि मग रोग्याचे चित्त त्या स्नायूकडे वळवून त्यास पुनः शिक्षण द्यावे, असे तिचे म्हणणे होते. स्नायूस शिक्षण द्यावयाचे तर शिकविणारा हवा आणि त्याने बोलावयास हवे. चार वर्षांच्या मुलाशी तर खेळावयासही हवे. अशी शिकविणारी माणसे देशात तयार व्हावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी भारतीय भौतिकोपचारकांचा संघही अस्तित्वात आला. भारतातील या व्यवसायाचा आरंभ असा मुंबईत, आणि मुलांना व्यायाम करावयास लावण्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. ज्या रोगाने हा व्यवसाय जन्मास घातला तो गेला, आणि त्याची जागा पक्षाघात, अपघात व गुडघेदुखी यांनी घेतली.

विदर्भाने मात्र एक निराळा मार्ग दाखविला होता. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन उभारले आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन. या वसाहतींत रोगी विहिरी खणीत, शेती करीत, कापड विणीत. बधिर बोटांना इजा होण्याचा धोका त्यात होता व तो गंभीर होता. परंतु तेथे हालचाल ही व्यायाम म्हणून वेगळी काढलेली नव्हती. हालचालीस हेतू होता आणि शेजारी दुसरा माणूस तेच काम करीत होता. रुग्णालयातील व्यायामास या दोन्ही गोष्टी नसतात. पक्षाघात झालेला गृहस्थ भिंतीवरचे चाक फिरवितो तेव्हा त्या चाकाने पाणी वर येत नाही. व्यायाम श्रमापासून अलग झाला, आणि मग तो एकट्याने करावयाचा झाला. सोबतीचा प्रश्न निर्माण होतो तो येथे. यंत्रमानव या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून पुढे आला आहे आणि त्याचा विचार करताना आनंदवनाचे उत्तर विसरता कामा नये.

एकट्याने करावयाचा हा व्यायाम किती करावा लागतो, याची कल्पना काही आकड्यांवरून येईल. पक्षाघातानंतर रोगी दुबळा हात वापरण्याचे सोडून देतो. चांगल्या हाताने काम भागते, दुबळ्या हाताने फजिती होते, म्हणून न वापरण्याची सवयच शिकली जाते, असे एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. ही सवय मोडावयाची तर आवर्तने फार लागतात. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूची पुनर्रचना दिवसाकाठी काही शेकडा आवर्तनांनंतर दिसते. याउलट कॅथरीन लँग आणि सहकारी यांनी अमेरिका व कॅनडा येथील उपचारकेंद्रांत प्रत्यक्ष बसून मोजणी केली तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी एका बैठकीत अवघी ३२ भरली. ही मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली. संपन्न देशांतील सुसज्ज केंद्रांची ही स्थिती आहे. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात, जेथे एक उपचारक एकाच वेळी एकास कप्पीवर, दुसऱ्यास मेणाच्या पात्राशी आणि तिसऱ्यास समांतर दांड्यांमध्ये उभा करून तिघांवर लक्ष ठेवीत असतो, तेथे परिस्थिती काय असेल याचा तर्क वाचकांनीच करावा. शिवाय त्या विभागापर्यंत पोहोचणे हेही एक काम आहे. हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगरपर्यंत २०२० च्या जानेवारीत मेट्रो धावू लागली. परंतु तालुक्याच्या खेड्यांतून अर्धांगवायूच्या रोग्यास घेऊन येणाऱ्या मुलाची एका दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

आवर्तने वाढविण्यासाठी प्रथम पुन्हा झांडरचाच मार्ग चोखाळला गेला. नेव्हिल होगन व हर्मानो क्रेब्स यांनी मॅसाच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९९० च्या सुमारास असे यंत्र बनविले की जे रोग्याचा हात धरून टेबलावर फिरवी व रोग्याने जोर लावल्यास आपण माघार घेई. तरफेपेक्षा हे कितीतरी शहाणे होते. परंतु २०१९ साली ब्रिटनमधील ७७० रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला, तो असा की या यंत्राने दिलेल्या व्यायामामुळे हाताच्या कार्यक्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली नाही. हात धरणारे यंत्र निरुपयोगी ठरले असा याचा अर्थ नाही. परंतु आवर्तनांची केवळ संख्या वाढविली म्हणजे सर्व साधते, ही समजूत त्या निष्कर्षाने बरीच ढिली केली.

दरम्यान दुसरा प्रवाह सुरू झाला होता. मातारिच, योन एरिक्सन आणि भौतिकोपचाराच्या अभ्यासक कॅरोलिन विन्स्टीन यांनी २००५ मध्ये पक्षाघाताच्या रोग्यांसमोर चाकांवर फिरणारे एक यंत्र उभे केले. रोग्याच्या दुबळ्या हातास एक हलके मापनयंत्र बांधलेले असे. त्याने मासिके फडताळात लावावयाची आणि हात थांबला की यंत्राने त्यास आठवण द्यावयाची. यंत्राने त्याला स्पर्श करावयाचा नाही, हा नियम. १८६५ साली जी वाणी बाहेर पडली होती तीच येथे हाताशिवाय, एकटी परत आली. पुढे २००८ मध्ये याच गटाने अंतर्मुख माणसांशी गोंजारणाऱ्या भाषेत आणि बहिर्मुख माणसांशी आव्हानाच्या भाषेत बोलणारे यंत्र करून पाहिले. कोणत्या पोरास चुचकारावे आणि कोणास टोमणा मारावा हे जुन्या वस्तादांना उपजत ठाऊक असे. त्याचेच हे शास्त्रीय रूप होय.

या शाखेतील आम्हास सर्वांत बोधप्रद वाटणारा प्रयोग कोलंबियातील बोगोटा येथील हृदयरोग रुग्णालयात झाला. तेथे फिरत्या पट्ट्यावर चालणाऱ्या रोग्यासमोर नाओ नावाचा, जेमतेम दोन फूट उंचीचा फ्रेंच बनावटीचा यंत्रमानव ठेवला होता. तो नाडीचे ठोके पाही, ठराविक वेळाने 'किती दमलात?' असे विचारून बोर्गच्या मोजपट्टीवर उत्तर घेई, आणि रोगी मान खाली घालून चालू लागला की मान वर करण्यास सांगे. धोक्याचा संभव दिसल्यास तो उपचारकास बोलावी. ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे, कारण तेथे यंत्राने उपचारकाची जागा घेतली नाही. त्याचे सर्वांत कंटाळवाणे काम घेतले. अर्थात या क्षेत्रातील बहुतेक प्रयोग थोड्या रोग्यांवर व थोड्या काळापुरते झालेले आहेत. नव्या खेळण्याचे कौतुक पहिल्या आठवड्यात सर्वांनाच असते. पाचव्या महिन्यात काय होते हे त्यांतील फारच थोड्यांनी पाहिले आहे.

येथे एक स्वाभाविक आक्षेप येतो. आपल्या समाजात घरची माणसे आहेत, सुना-नातवंडे आहेत. सोबतीसाठी यंत्र कशास हवे? या आक्षेपाची परीक्षा भारतातच झाली आहे. चौदा रुग्णालयांतील १,२५० पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना व्यायाम देण्याचे शिक्षण देऊन घरी पाठविले गेले. २०१७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मृत अथवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, होते. कुटुंबाच्या मायेविषयी या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु माया आणि शिक्षकत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी सून सासऱ्यांचे सर्व करते तीच त्यांना 'अजून दहा वेळा' असे म्हणू शकत नाही. म्हटले तर ते ऐकत नाहीत, आणि ऐकले तरी मनात धरतात. परक्या आवाजास जो अधिकार असतो तो घरच्या आवाजास नसतो. यंत्राचा आवाज परका आहे, त्याला नाते नाही आणि तो रागावत नाही. आमच्या मते त्याच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे, आणि यंत्र बनविणारे तो सहसा करीत नाहीत. ते त्यास मित्र म्हणून विकतात.

मित्र म्हणून विकण्यात काय गोम आहे हे जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ मध्येच ओळखले होते. त्याच्या एलायझा नामक साध्या संवाद-कार्यक्रमाशी लोक मन मोकळे करून बोलू लागले, तेव्हा त्यास आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. 'रोबो' हा शब्दही मूळचा मैत्रीचा नव्हे. कारेल चापेक याच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून तो आला आणि त्याचा चेक भाषेतील मूळ अर्थ वेठ असा आहे. वेठबिगाराने आपल्यावर प्रेम करावे अशी अपेक्षा जुन्या जमीनदारांनीही केली नव्हती. वेठ म्हणून त्याने मोजावे, आठवण द्यावी, नोंद ठेवावी. वेदना खरी की आळसाची हे पाहणे उपचारकाचे काम आहे. खांद्याच्या दुखण्यात ही पारख चुकली तर आवर्तन हेच इजेचे कारण होते.

भाषेचा प्रश्न तर अद्याप कोणी हाती घेतलेलाच दिसत नाही, आणि हिंगण्याच्या दृष्टीने तो पहिला आहे. इंग्रजीत बोलणाऱ्या यंत्रास 'यू' या एका सर्वनामावर भागविता येते. मराठी यंत्राने साठ वर्षांच्या शेतकऱ्यास काय म्हणावे? 'तू' म्हटल्यास तो उठून जाईल. 'आपण' म्हटल्यास त्यास कचेरीतील कागद वाटेल. तरुण उपचारिका येथे 'काका', 'आजी', 'भाऊ' म्हणून हा प्रश्न सहज सोडविते, आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलीतील 'जी' हे एक अक्षर आदर व जवळीक दोन्ही एकदम साधते. परंतु हे नाते जोडण्याचा अधिकार माणसाच्या वयावरून येतो. यंत्रास वय नाही. त्याने कोणास काका म्हणावे? आमचा कौल असा की त्याने नात्याचा शब्द वापरूच नये. 'तुम्ही' आणि 'जी' एवढ्यावर राहावे, आणि आकडे मात्र येथल्या उच्चारात मोजावेत. याची परीक्षा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उपचारविभागात बसून करण्यासारखी आहे. त्यासाठी यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही, ध्वनिमुद्रित आवाज पुरेल. मुंबईत २०१५ पासून मिको हा मुलांचा बोलका यंत्रमानव तयार होऊ लागला, तेव्हा अशी यंत्रे येथे बनू शकतात याविषयी शंका राहिलेली नाही. उणीव आहे ती रोग्यांच्या बोलीच्या अभ्यासाची.

आणखी एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख करणे इष्ट आहे. वर सांगितलेला नाओ हा यंत्रमानव बनविणारी अल्देबरान ही फ्रेंच कंपनी २०२५ साली दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता एका चिनी कंपनीने घेतली. जिबो या अमेरिकन यंत्रमानवाचा पाठीमागचा संगणक-आधार २०१९ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा घराघरांतील यंत्रांनी स्वतःच मालकांचा निरोप घेतला. झांडरची यंत्रे आज स्टॉकहोमच्या तंत्रसंग्रहालयात आहेत. ओतीव लोखंडाची असल्याने ती अजूनही हलविता येतात. बोलणाऱ्या यंत्राचे तसे नाही. त्याची वाणी त्याच्या शरीरात नसून दूरवरच्या कंपनीच्या संगणकात असते, आणि ती तेथे बंद झाली की डिगडोहच्या टेकडीवरील रोगी सत्ताविसाव्या आवर्तनावर थांबेल. असे यंत्र घ्यावयाचे झाल्यास करारपत्रात त्याच्या किमतीइतकेच, ते मुके झाल्यावर मोजणी कोण चालू ठेवणार हेही लिहून घेणे आवश्यक आहे.